उन्हाची सोय

३० ऑक्टोबर २०१३ रोजी नॉर्वेतल्या र्‍युकान गावच्या चौकात माणसं काळे चष्मे लावून आरामखुर्च्यांवर बसली होती. बँड वाजत होता, मुलांच्या हातात झेंडे होते. एरवी त्या दिवसांत तिथं ऊन पडणं शक्यच नव्हतं. टेलेमार्क भागातल्या एका अरुंद, खोल दरीच्या तळाशी हे गाव वसलं आहे आणि शेजारी १,८८३ मीटर उंचीचा गाउस्तातोप्पेन डोंगर उभा आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य डोंगराआड जातो, तो थेट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. मधले साडेपाच महिने आकाश निळंभोर असो, वरच्या कड्यांवर ऊन लखलखत असो, गावात सावलीच.

त्या दिवशी मात्र उत्तरेकडच्या कड्यावर, गावापेक्षा सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर बसवलेल्या तीन आरशांनी ऊन खाली आणलं. एकेक आरसा १७ चौरस मीटरचा. संगणक त्यांना सूर्याच्या मागे मागे वळवतो आणि परावर्तित झालेला झोत बरोबर चौकात पाडतो. जेमतेम ६०० चौरस मीटरचा तो लंबगोल. गावच्या पसाऱ्यात एवढासाच, पण लोक तिथं येऊन तोंड वर करून उभे राहतात.

कल्पना मूळची शंभर वर्षांपूर्वीची. नॉर्स्क हिड्रो या कंपनीचे संस्थापक साम आयडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या धबधब्यावर वीज निर्माण केली, तिच्या जोरावर हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवणारा कारखाना उभारला आणि कामगारांसाठी दरीत अख्खं गाव वसवलं. १९१३ साली ओस्कार किट्टिल्सेन नावाच्या हिशेबनिसानं स्थानिक वर्तमानपत्रात आरशाची सूचना मांडली. आयडेंनी ती उचलून धरली, पण तेव्हाचं तंत्र अपुरं पडलं. मग कंपनीनं १९२८ साली वेगळा मार्ग काढला. ऊन खाली आणता येत नाही, तर माणसं वर नेऊ, म्हणून क्रोसोबानेन हा रोपवे बांधला. हिवाळ्यात कामगारांनी आणि त्यांच्या बायकामुलांनी पाळण्यात बसून वर जावं, ऊन अंगावर घ्यावं आणि परत यावं. तो रोपवे आजही चालू आहे. पुढे मार्टिन आंदेर्सेन या कलावंतानं आरशाची जुनी कल्पना उकरून काढली आणि तडीस नेली. खर्च पन्नास लाख क्रोनर, बराचसा प्रायोजकांकडून. गावात विरोधही झाला. हा पैसा शाळेला द्या, म्हाताऱ्यांच्या देखभालीला द्या, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही, पण आरसे लागले तेव्हा त्याच गावातले लोक चौकात जमले, ही गोष्टही तितकीच खरी. इटलीतल्या विगानेल्ला या डोंगरी खेड्यानं असाच एक ४० चौरस मीटरचा आरसा २००६ मध्येच लावला होता. तिथं ११ नोव्हेंबर ते २ फेब्रुवारी सूर्य दिसत नाही.

र्‍युकानची हकीकत इतकी सविस्तर सांगितली, कारण तिच्यात मला या विषयाचं मर्म दिसतं. अंधाऱ्या मुलखात राहणाऱ्या माणसाला आपण लगेच मनाचे सल्ले देतो. ‘सकारात्मक राहा’, ‘छंद लावून घे’, ‘सवय होईल’. दुष्काळी गावाला कुणी ‘मन खंबीर करा, तहान लागणार नाही’ असं सांगत नाही; तिथं टँकर पाठवतात, विहीर खणतात. उन्हाची टंचाईसुद्धा तितकीच शारीरिक आहे. तिला उपायही शारीरिक आणि शक्यतो सार्वजनिकच लागतो.

शरीर उन्हाचे दोन स्वतंत्र हिशेब ठेवतं, एक त्वचेचा आणि दुसरा डोळ्यांचा. यांची गल्लत झाली की उपाय चुकतो.

आधी त्वचेचा हिशेब. उन्हातल्या यूव्ही-बी किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. सूर्य खाली असला की किरणांना वातावरणातून फार लांबचा तिरपा प्रवास करावा लागतो आणि यूव्ही-बी ओझोनमध्येच शोषले जातात, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मुंबईत वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. त्याच दिवशी ग्लासगोत तो जेमतेम ११ अंशांवर येतो आणि तिथूनच उतरणीला लागतो. १९८८ साली वेब, क्लाइन आणि होलिक या संशोधकांनी दाखवून दिलं, की बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि त्याहून उत्तरेच्या एडमंटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च, निरभ्र दिवशीही त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होत नाही. ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे, स्वीडन, जर्मनीचा बराच भाग एडमंटनच्या आसपास किंवा त्याहून उत्तरेला येतो. त्यामुळे जानेवारीत एखादं लख्ख ऊन पडलं आणि आपण दोन तास बागेत बसलो, तरी या हिशेबात जमा शून्य. खिडकीच्या काचेआडून घेतलेलं ऊन तर बारा महिने शून्यच, कारण काच यूव्ही-बी अडवते. त्यात आपली सावळी कातडी. प्रखर उन्हापासून रक्षण करणारं तिच्यातलं रंगद्रव्य उत्तरेत मात्र थोडेफार मिळणारे किरणही रोखून धरतं. गोऱ्या माणसापेक्षा आपल्याला तितक्याच कमाईसाठी जास्त वेळ उन्हात राहावं लागतं.

या टंचाईचं जुनं आणि भयंकर रूप म्हणजे मुडदूस. धुरानं काळवंडलेल्या औद्योगिक शहरांत, उंच इमारतींच्या बोळांत वाढणाऱ्या मुलांचे पाय वाकत, छातीचा पिंजरा पुढे येत असे. मुलींच्या कमरेचं हाडांचं कडं अरुंद राहून पुढे बाळंतपणात जीव जात. इंग्लंडमध्ये हा आजार इतका होता की युरोपात त्याला ‘इंग्रजी रोग’च म्हणत. थिओबाल्ड पाम हा मिशनरी डॉक्टर जपानात काम करून मायदेशी परतला. जपानात न दिसलेला मुडदूस इथं घरोघरी कसा, हा प्रश्न त्याला पडला. देशोदेशीच्या मिशनरी डॉक्टरांकडून त्यानं पत्रांनी माहिती मागवली, तिची जुळणी केली आणि १८९० साली लिहिलं की कारण सूर्यप्रकाशाचा अभाव हेच आहे. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९१९ मध्ये, बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कीनं अतिनील दिव्याखाली ठेवून मुडदूस झालेली मुलं बरी करून दाखवली. त्याच सुमारास एडवर्ड मेलनबीनं कुत्र्यांच्या पिलांवरच्या प्रयोगांतून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण सिद्ध केला. दिवा आणि तेल, दोघांचं काम एकच. पुढे ड जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि कोडं सुटलं.

या इतिहासात आपलं नाशिकही आहे. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक भागात पाहणी करून १९२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. भरपूर ऊन असलेल्या या मुलखात मुडदूस आणि बायकांची हाडं मऊ पडण्याचा आजार त्यांना आढळला, तो खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पडदा पाळणाऱ्या घरांतून. रानात राबणाऱ्या गरिबांची पोरं निकृष्ट खात होती, पण त्यांची हाडं शाबूत होती. अंधार आकाशातूनच यावा लागतो असं नाही. माणसं तो घरातही तयार करतात. आज आपल्या शहरांत गाडीतून कचेरीत आणि कचेरीतून गाडीत जाणाऱ्यांच्या रक्त तपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघतं, त्याचं मूळ इथंच आहे.

ग्लासगोची गोष्ट जास्त बोचते. मुडदूस हटला असं डॉक्टर समजू लागले असतानाच १९६२ साली डनिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पाकिस्तानी कुटुंबांत तो पुन्हा आढळल्याचं नोंदवलं. नंतर ब्रिटनभरच्या भारतीय उपखंडातल्या मुलांत आणि बायकांत तो सापडत गेला. ऊन कमी, कातडी सावळी, अंगभर कपडे, आहारात मासे-अंडी कमी आणि चपाती भरपूर, अशी कारणं एकात एक गुंतलेली होती. डॉक्टर मंडळी जे मागत होती ते साधं होतं: चपातीच्या कणकेत ड जीवनसत्त्व मिसळा. त्याला आधार होता. १९४० सालापासून ब्रिटनमध्ये मार्गरीनमध्ये ते कायद्यानं मिसळलं जात होतं. लाखो गोऱ्या मुलांची हाडं त्यानं वाचवली आणि त्यांच्या आयांना कुणी आहार बदलायला सांगितलं नव्हतं. कणकेच्या बाबतीत मात्र सरकारी तज्ज्ञांनी नकार दिला. त्याऐवजी १९८१ साली ‘मुडदूस थांबवा’ मोहीम निघाली, आणि आशियाई बायकांनी काय खावं, कसं राहावं याचे धडे देण्यावर तिचा भर असल्याची टीका तेव्हाच झाली. ग्लासगो शहरानं त्याआधी, १९७९ पासून, मुलांना ड जीवनसत्त्वाचे थेंब मोफत द्यायला सुरुवात केली होती. तिथं मुडदुसासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या उतरली. मला या दोन मार्गांमधला फरक फार महत्त्वाचा वाटतो. उपदेशानं ब्रिटनमधल्या आपल्या बायकांना अपराधी वाटायला लावलं. थेंबांनी पोरांचे पाय सरळ ठेवले.

असा सार्वजनिक उपाय चालतो, हे फिनलंडनं स्पष्टपणे सिद्ध केलं आहे. तिथं २००३ पासून दुधात ड जीवनसत्त्व मिसळतात, २०१० साली त्याचं प्रमाण दुप्पट करण्याची शिफारस झाली आणि लोकांच्या रक्तातली पातळी सुधारली. नॉर्वेत ज्या महिन्यांच्या नावात ‘आर’ आहे त्या सगळ्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, कॉड लिव्हर ऑइल घ्यायचं ही आजीपासून चालत आलेली रीत. ब्रिटिश सरकारनंही २०१६ पासून सगळ्यांनाच शरद-हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, ड जीवनसत्त्व घ्यायला सुचवलं आहे. सावळ्या कातडीच्या लोकांनी ते बारा महिने घेण्याचा विचार करावा, असंही त्यात आहे.

आता डोळ्यांचा हिशेब. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. त्या चित्र बघत नाहीत, फक्त उजेड किती आहे ते मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. हे स्पष्ट झालं ते २००२ च्या सुमारास. या पेशींना भरपूर उजेड लागतो. निरभ्र दुपारी बाहेर एक लाख लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचं माप) प्रकाश असतो आणि ढगाळ दिवशीही काही हजार. घरातला दिवा आपल्याला झगझगीत वाटतो, तरी तो शे-दोनशे लक्सचा, फार तर पाचशेचा. म्हणजे जुलैत कोकणात महिनाभर सूर्य दिसला नाही, तरी पडवीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना जो उजेड मिळतो, तो हिवाळ्यात युरोपात दिव्याखाली बसलेल्या माणसाला मिळत नाही. पावसाळी कोंदटपणाची सवय असलेल्या आपल्या माणसाचा अंदाज तिकडे चुकतो, तो इथंच.

नॉर्मन रोझेंथल हे मानसोपचारतज्ज्ञ मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या उन्हातले. अमेरिकेत आल्यावर दर हिवाळ्यात आपली उमेद ओसरते असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ऋतुमानानुसार येणाऱ्या नैराश्याचं पहिलं पद्धतशीर वर्णन केलं आणि प्रखर प्रकाशानं ते उतरतं हेही दाखवलं. आपल्या डोळ्यांसमोर नैराश्य म्हटलं की झोप उडालेला, अन्न टाकलेला माणूस येतो. हिवाळी नैराश्य बहुधा याच्या उलट वागतं. झोप वाढते, सकाळी उठवत नाही, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, वजन वाढतं, माणसं नकोशी होतात. घरच्यांना हा आळस वाटतो.

उपाय म्हणून दहा हजार लक्सचा दिवा मिळतो. उठल्यावर तासाभरात त्याच्यासमोर हातभर अंतरावर अर्धा तास बसायचं, टक लावून बघायचं नाही, चहा पीत वाचत बसलं तरी चालतं. २००६ च्या एका कॅनेडियन चाचणीत हा दिवा आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सारखेच गुणकारी ठरले. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या संशोधक केली रोहन यांनी पुढे दाखवलं, की विचार-वर्तन उपचारानं त्याच हिवाळ्यात दिव्याइतकाच फरक पडतो आणि तो पुढच्या हिवाळ्यांतही जास्त टिकतो. या दिव्यात अतिनील किरण नसतात, त्यामुळे त्यानं ड जीवनसत्त्व मिळत नाही. आणि गोळीनं डोळ्यांचं घड्याळ लागत नाही. दोन्ही लागतात, ते यासाठी. डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी, किंवा ज्यांचं मन कधी अति उत्तेजित तर कधी अति खचलेलं असतं अशांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा वापरू नये.

मग मनाचं काहीच नाही का? आहे. केरी लीबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहरात राहून हाच प्रश्न अभ्यासत होत्या. ट्रॉम्सो उत्तर ध्रुववृत्ताच्या बरंच वर आहे. नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. जसजसं उत्तरेला जावं तसतसं हिवाळ्याकडे संधी म्हणून पाहणारी माणसं जास्त भेटतात, असं त्यांना आढळलं. याचा आधार घेऊन ‘दृष्टिकोन बदला’ असं सांगणारे लेख जगभर निघाले. मला त्यांतून एक गोष्ट सुटलेली दिसते. ट्रॉम्सोच्या माणसाचा दृष्टिकोन हवेत तरंगत नाही. त्याच्या गावात स्कीइंगसाठी दिवे लावलेल्या वाटा आहेत, लहान मुलंही बर्फात बाहेर काढली जातात, आणि सूर्य परततो तेव्हा, २१ जानेवारीच्या सुमारास, जॅम भरलेले गोड पाव खाऊन गाव तो दिवस साजरा करतं. नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनमध्ये तर मार्चमध्ये सगळं गाव जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांशी पहिल्या किरणाची वाट बघत उभं राहतं. त्यांच्या उत्साहामागे पिढ्यान्‌पिढ्यांची सामूहिक तजवीज आहे.

भारतीयांनाही आता या अंधाराची ओळख होऊ लागली आहे. ध्रुवीय प्रदेशातल्या आपल्या मोहिमा पाहणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात, वास्कोला आहे. तिच्यामार्फत अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती या ठाण्यांवर गेलेली माणसं दर वर्षी सुमारे दोन महिने सूर्याविना काढतात. स्वालबार्डवरचं ‘हिमाद्री’ हे ठाणं २००८ पासून आहे, पण तिथला हिवाळा आपण टाळत होतो. डिसेंबर २०२३ मध्ये पहिलं हिवाळी पथक निघालं. त्यात गोव्याच्या या संस्थेबरोबर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचाही शास्त्रज्ञ होता. मराठी वाचकाला इथं लोकमान्य टिळकांची आठवण होणं साहजिक आहे. १९०३ च्या ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये त्यांनी ऋग्वेदातल्या उषःसूक्तांचा अर्थ ध्रुवाकडच्या आठवडेच्या आठवडे रेंगाळणाऱ्या पहाटेशी लावला. आर्यांच्या मूलस्थानाचा त्यांचा निष्कर्ष विद्वानांनी स्वीकारला नाही. पण दीर्घ अंधारानंतरच्या पहाटेचं मोल पुण्यात बसून या माणसानं किती बारकाईनं ओळखलं होतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

शास्त्रज्ञांच्या पथकाची निघण्याआधी वैद्यकीय तपासणी होते. एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी नाशिक-नगर-कोल्हापुरातून ग्लासगो, डब्लिन, बर्लिनला जाणाऱ्या मुलामुलींना मात्र असं कुणी तयार करत नाही. ती पोचतात सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत ग्लासगोत दिवस रोज चार-पाच मिनिटांनी लहान होत जातो. डिसेंबरच्या मध्याला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारला मावळतो. ग्रंथालय, वर्ग, संध्याकाळची दुकानातली नोकरी आणि भाड्याची तळमजल्याची खोली, यांत तो सातएक तासांचा उजेडही हुकतो. फोनवर आई विचारते, ‘अगं, अकरा वाजेपर्यंत झोपतेस? एवढे पैसे खर्चून पाठवलंय.’ मुलगी काही बोलत नाही, कारण तिलाही आपण आळशी झालो आहोत असंच वाटत असतं. परीक्षा नेमक्या त्याच महिन्यांत येतात.

अशा घरांसाठी हे लिहितो आहे. जाण्याआधी रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कमी असेल तर इथंच डॉक्टरांकडून भरून काढा. तिकडे पोचल्यावर पहिल्या आठवड्यापासून रोजची ४०० युनिटची गोळी सुरू करावी. शाकाहारी मंडळींनी डबीवर पाहावं: ही गोळी बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या तेलापासून बनते, आणि बुरशी किंवा दगडफुलाच्या जातीपासून केलेलीही मिळते. आपल्याकडची साठ हजार युनिटची पाकिटं बॅगेत भरून देऊ नका. ती डॉक्टरांनी ठरवलेल्या काळापुरती, आठवड्यातून एकदा घ्यायची असतात. कुणी रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. खोली निवडताना दहा-वीस पौंड जास्त पडले तरी खिडकी बघा. आभाळ भरलेलं असलं तरी दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास बाहेर चालणं हा सर्वांत स्वस्त दिवा आहे. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, अभ्यास यांची घडी विस्कटलेली राहिली तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे किंवा तिथल्या डॉक्टरांकडे जायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे घरच्यांनीच आधी सांगून ठेवावं.

फोनची वेळही बदला. आपण बहुतेक जण रात्री जेवणं झाल्यावर फोन करतो, तेव्हा ब्रिटनमध्ये सूर्य मावळलेला असतो. हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथं दुपारचे बारा असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या वेळी फोन करा आणि पहिलं वाक्य हे म्हणा: कोट घाल, बाहेर पड, चालता चालता बोलू.